पाचवीच्या यादीत 'श्यामची आई' पहिल्या नंबरावर नकोच

तापीकाठ

जून आला की "पाचवी ते सातवीसाठी वाचनीय पुस्तके" अशा याद्या फिरू लागतात. पहिल्या नंबरावर 'श्यामची आई', मग थोरांची चरित्रं, मग बोधकथांचा जाडजूड संच. आपल्याकडे खान्देशात तर हे ठरलेलंच. साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कूलला शिक्षक होते, त्यामुळे हे पुस्तक मागे सारा म्हणणं म्हणजे देव्हाऱ्याला हात लावणं. तरी म्हणतो, पाचवीच्या मुलाच्या हातात पहिलं पुस्तक म्हणून ते देऊ नका.

माझी हरकत आशयाला नाही, पानाला आहे. पुस्तक ४२ रात्रींचं. स्वस्त आवृत्तीत अक्षर बारीक, ओळी दाटीवाटीने बसवलेल्या. अडखळत वाचणारं मूल मिनिटाला पन्नास शब्द वाचतं असं धरा. तीनशे शब्दांच्या पानाला सहा मिनिटं लागली. दोन पानं होईपर्यंत पहिल्या परिच्छेदात कोण काय म्हणालं ते डोक्यातून गेलेलं असतं. मूल पुस्तक मिटतं आणि आपण म्हणतो, हल्लीच्या मुलांना वाचनाची गोडी नाही.

पुस्तक देण्याआधी पाच बोटांची परीक्षा घ्या. मधलंच एखादं पान उघडून मुलाला मोठ्याने वाचू द्या. अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचं. पान संपेपर्यंत एक-दोन बोटं मिटली तर पुस्तक त्याचं. तीन-चार मिटली तर कोणीतरी जवळ बसायला हवं. पाचही मिटली तर ते पुस्तक सध्या कपाटातच बरं. एक सांभाळा: 'क्षणार्ध', 'दुर्दैव' अशा जोडाक्षरांवर जीभ अडली पण अर्थ लागला, तर बोट मिटू नका. तो सरावाचा प्रश्न आहे, समजेचा नाही.

पाचवीला ३२ ते ४८ पानं, ठसठशीत अक्षर, पानाला वीसेक ओळी आणि दर दोन-तीन पानांमागे चित्र. विनोद, चोर-पोलीस, प्राणी, भुतंखेतं, काहीही चालेल. सहावीपासून पानं वाढवा.

अमळनेरकर_वाचक

भाऊ, तुमची पाच बोटं मान्य, निष्कर्ष अमान्य. अक्षर बारीक असेल तर आवृत्ती बदला, पुस्तकावर राग कशाला?

पुस्तकाची घडणच मुळी ऐकण्याची आहे. श्याम आश्रमातल्या सोबत्यांना रोज रात्री एकेक आठवण सांगतो, म्हणून प्रत्येक रात्र सुटी वाचता येते. पहिलं पान ते शेवटचं पान असा हट्ट कोणी सांगितला? 'श्यामचे पोहणे', 'मोरी गाय', 'पत्रावळ', 'अळणी भाजी', 'श्रीखंडाच्या वड्या' या पाचांपासून सुरुवात करा. मीठ घालायला विसरलेली भाजी घरात सगळे मुकाट्याने खातात, हे कळायला शब्दकोश लागत नाही. कर्जाच्या प्रकरणापासून आईच्या मृत्यूपर्यंतचा शेवटचा भाग दहा वर्षांच्या मुलाला एकट्याने वाचायला देऊ नये, एवढं तुमचं ऐकतो.

पण सोपं तेवढंच द्यायचं म्हटलं तर सातवीतही मूल ३२ पानांतच घुटमळतं. वरच्या पायरीचं पुस्तक कानावर पडलं तरच भाषा वाढते. मोठ्याने वाचणाऱ्याने दोन गोष्टी पाळाव्यात: आदल्या दिवशी स्वतः एकदा वाचून घ्यावं आणि मध्ये थांबून अर्थ सांगू नये. अर्थ सांगत बसलं की गोष्टीचा तास निबंधाचा होतो.

सातपुड्याचा_पायथा

दोघंही अमळनेर-जळगावच्या मुलांबद्दल बोलताय. धडगाव-अक्कलकुव्याच्या शाळेत या. घरी पावरी किंवा भिली, शाळेत मराठी. पाचवीच्या मुलाचं मराठी वाचन दुसरी-तिसरीच्या पायरीवर असू शकतं, पण त्याची अक्कल पाचवीचीच असते, कामाधामाने कधी त्याहून मोठी. त्याच्या हातात "चिऊताई चिऊताई" दिलं की तो पुस्तक उलटं ठेवतो. अपमान वाटतो त्याला, आणि तो बरोबर आहे.

त्याला हवं शब्द थोडे आणि विषय मोठा असलेलं पुस्तक. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालेतली प्राणी, पक्षी, झाडं यांवरची पातळ पुस्तकं या कामाला उत्तम. स्टोरीवीव्हर या मोफत संकेतस्थळावर मराठी पुस्तकांच्या चार पातळ्या आहेत. तिथली पातळी दोन इयत्ता दुसरीची समजू नका. चित्रं आणि विषय पाहून निवडा, वय पाहू नका.

बोलीसाठी एक साधा उपाय आहे. वहीच्या कागदाची दोन बोटं रुंद पट्टी कापायची, त्या पानावरचं वाक्य मुलांकडूनच पावरीत सांगून घ्यायचं, देवनागरीत लिहायचं आणि पानाच्या तळाशी चिकटवायचं. खळ पातळ हवी आणि फक्त पट्टीच्या वरच्या कडेला लावायची. पूर्ण पट्टीला लावली तर चकचकीत कागद सुरकुततो. एका पुस्तकाला दोन तासिका जातात. मग ते पुस्तक कपाटात राहत नाही.

साक्रीवाला

हाऊ मुद्दा खरा शे भो. मग बहिणाबाई का नाही कोणाच्या यादीत? आसोद्याची लेक, आपली भाषा, आपलंच शेत. पाठ्यपुस्तकातल्या एक-दोन कवितांवर बोळवण का?

गिरणाथडी

कारण ती लेवा गणबोली आहे, अहिराणी नाही. यावल-रावेरच्या मुलाला जे घरचं वाटतं ते साक्री-शिंदखेड्याच्या मुलाला तसंच वाटेल, हे आपण परस्पर ठरवतो. "खान्देशी" असं एकच लेबल पुण्याहून चिकटवलं जातं, आपण तरी चिकटवू नये. शिवाय 'बहिणाबाईंची गाणी' हा १९५२ साली निघालेला मोठ्यांसाठीचा संग्रह आहे. संसार, मन, मरण या विषयांवरच्या ओव्या अकरा वर्षांच्या पोराला काय सांगणार?

साक्रीवाला

बोली वेगळी, मान्य. पण जिथे मूल अडेल असं तुम्हाला वाटतं, तिथेच ते अडत नाही. 'आभाय', 'डोया' असा ळ चा य अहिराणीतही होतो. पुण्याच्या मुलाला तळटीप लागते, आपल्याकडच्याला लागत नाही. विषयाचं म्हणाल तर सगळा संग्रह कोण द्या म्हणतंय? सुगरणीचा खोपा, पेरणी, घरोटा म्हणजे जातं, एवढंच घ्या. खोप्याच्या कवितेबरोबर विहिरीवरच्या बाभळीला लटकलेला पडका खोपा वर्गात आणा. पावसाळ्यानंतर मिळतो, पिल्लं उडून गेलेला रिकामाच घ्यायचा. आतली माती, दोन कप्पे, खालची नळी मुलांना बोट घालून पाहू द्या. मग कविता म्हणा. ओव्या डोळ्यांनी वाचायच्या नसतातच, जात्याच्या लयीत म्हणायच्या असतात.

तापीकाठ

कवितेचं पटलं. त्याच न्यायाने धरणगावचे बालकवीही घ्या.

गद्यात मात्र मी हटणार नाही. सहावी-सातवीला भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे चालतो. गोष्ट पहिल्याच पानावर पळायला लागते आणि त्याचं 'ट्टॉक' पोरं दुसऱ्या दिवसापासून वर्गात करतात. 'तोत्तोचान' या जपानी शाळेवरच्या पुस्तकाची प्रकरणं दोन-चार पानांचीच आहेत. भुसावळच्या मुलाला आगगाडीच्या डब्यांत भरणारी शाळा काही समजावून सांगावी लागत नाही.

गिरणाथडी

फास्टर फेणेचं पुणं सायकलींचं होतं, ते आजच्या मुलाला जपानइतकंच लांब. पण लांबचं वाचायला मुलांची हरकत नसते, हे खरं. त्यांना कंटाळवाणं तेवढं नको असतं.

तोत्तोचान पाचवीला नको. युद्ध येतं, शाळा जळते, हे सातवीला पेलतं. आणि ते पुस्तक शिक्षक खरेदीला सुचवतात कारण ते स्वतः शिक्षकांना आवडतं. हा यादीतला कायमचा दोष आहे: मोठ्यांना जे वाचून गहिवर येतो ते मुलांच्या माथी मारलं जातं.

माधुरी पुरंदरे यांनी संपादित केलेल्या 'वाचू आनंदे'चं नाव अजून कोणी घेतलं नाही, म्हणून घेतो. बालगट आणि कुमारगट असे भाग आहेत, मराठी साहित्यातले छोटे उतारे आणि सोबत चित्रं. कोणाच्या हाती काय लागेल याचा अंदाज नसेल तेव्हा हे आधी घ्यावं. ज्या लेखकाच्या उताऱ्यावर मूल रेंगाळतं, त्याचं पुस्तक पुढच्या खेपेला आणावं.

कपाटाची_किल्ली

यादीवर एवढी लढाई चालली आहे आणि पुस्तकं कुलपात. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला वाचनालय आणि त्यात गोष्टीची पुस्तकं हवीतच असं लिहिलं आहे. बहुतेक ठिकाणी ते एका पत्र्याच्या कपाटात असतं, कारण पुस्तक हरवलं तर भरपाई कोणाकडून, ही भीती. यावर तोडगा असा: दाखल रजिस्टर शिक्षकांकडे, देवघेवीची वही मुलांकडे. वहीत चारच रकाने: तारीख, पुस्तकाचा नंबर, नाव, परत. "फाटलं तर चालेल, हरवलं तर सांगा" हे पहिल्या दिवशीच सांगायचं. वर्षाला शंभरात चार-पाच पुस्तकं जाणारच असं धरून चाला. एकही गेलं नाही तर ती वाचली गेली नाहीत असा संशय घ्या.

आता पैशांचं. समजा ४० मुलं आणि ५,००० रुपये. एका प्रसिद्ध पुस्तकाच्या ४० प्रती घेण्याचा मोह होतो, तो टाळा. पातळ ६० पुस्तकं, प्रत्येकी एक प्रत, सरासरी ५५ रुपये धरली तर ३,३०० झाले. गटात वाचायला पाच पुस्तकांच्या चार-चार प्रती, ७० रुपयांप्रमाणे १,४००. उरलेल्या ३०० त कव्हरं, चिठ्ठ्या आणि वही. "संच" म्हणून पेटीबंद विकायला आणतात ते घेऊ नका. त्यात दहा चांगल्यांबरोबर चाळीस न खपलेली असतात.

घेताना पुस्तक पाठीवर उघडून पाहा. पिनांची किंवा शिवलेली बांधणी टिकते. नुसत्या गोंदावर चिकटवलेली पानं पत्र्याच्या खोलीत दोन उन्हाळ्यांत सुटतात. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ ला जातो, कपाटाच्या आत त्याहून जास्त, गोंद वाळून तडकतो. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा, नाहीतर वाळवी पाठीमागून येते आणि कळतं तेव्हा अर्ध्या चरित्रमालेचं मातेरं झालेलं असतं. (मुलांचं फारसं नुकसान होत नाही म्हणा.)

अमळनेरकर_वाचक

चरित्रांवर उगाच घसरू नका. नंदुरबारच्या चौकात १९४२ च्या ९ सप्टेंबरला गोळी लागून पडलेला शिरीषकुमार शाळकरी पोरच होता. ते चरित्र मुलं का वाचणार नाहीत?

कपाटाची_किल्ली

वाचतील, लिहिणाऱ्याने लिहिलं तर. तो त्या दिवशी कुठून निघाला, हातात काय होतं, सोबत कोण होतं हे आलं पाहिजे. "लहानपणापासून त्यांच्या मनात देशप्रेमाची ज्योत तेवत होती" हे वाक्य नाव बदलून कुठल्याही चरित्रात बसतं. चरित्र घेताना पहिली दोन पानं वाचा. माणसाचं नाव झाकूनही तो कोण ते ओळखू आलं तर घ्या.

सातपुड्याचा_पायथा

हरवण्यावरून एक. दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या घरांची मुलं चार-पाच महिने गावात नसतात. त्यांना बहुतेक शाळा पुस्तक देतच नाहीत, परत येणार नाही म्हणून. उलट त्यांनाच द्यायला हवीत. पाच पातळ पुस्तकं प्लास्टिकच्या पिशवीत, वर मुलाचं नाव. पुस्तकं वेगवेगळ्या पायरीची हवीत, दोन सोपी, दोन बरोबरीची, एक थोडं वरचं. पिनांच्या बांधणीचीच द्या, पाचटात गोंद टिकत नाही. त्यात गोष्टींबरोबर एक करून बघण्याचं पुस्तक ठेवा. अरविंद गुप्तांची कचऱ्यातून खेळणी बनवण्याची मराठी पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहेत, छापून घेतली की झालं.

तापीकाठ

यात जुने 'किशोर'ही घाला. बालभारतीचं मासिक १९७१ च्या नोव्हेंबरपासून निघतंय, जुने अंक मोफत पाहता येतात. अंकात कथा, कोडं, कविता, विज्ञान सगळं असल्यामुळे नेमकं काय आवडतं ते कळत नसलेल्या मुलाला तेच आधी द्यावं. पुस्तक अर्धं सोडलं तर मुलाला हरल्यासारखं वाटतं, अंकातलं एक पान वाचून सोडलं तर काही वाटत नाही.

आणि अमळनेरकर, तडजोड सांगतो. 'श्यामची आई' पाचवीला कानावर, सातवीला हातात. यादीत मात्र खाली.

अमळनेरकर_वाचक

कानावर पाचवीला, चालेल. हातात सहावीला. आणि खाली नाही, मध्यावर. गटवाचनाच्या त्या पाच पुस्तकांत चार प्रती याच्या धरा, मोठ्या अक्षराच्या.

कपाटाची_किल्ली

मोठ्या अक्षराची आवृत्ती ७० रुपयांत बसणार नाही. तीनच प्रती घ्या.