वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्या, मग आतली बटणं सारखीच कशी?

चाकवेडा
मंडळी, एक गोष्ट बरेच दिवस डोक्यात घोळतेय. दोन कंपन्या एकमेकींच्या कट्टर स्पर्धक, बाहेरून गाड्यांमधे काही साम्य नाही, पण आत बसलं की काचेचं बटण, हेडलाईटचा गोल नॉब, छतातला दिवा, स्टिअरिंगमागच्या दांड्या सगळं हुबेहूब, दाबल्यावर येणारा 'टक' आवाजसुद्धा तोच! कॉपी मारतात का एकमेकांची? आणि महागड्या गाडीतही हेच असेल तर आपण जास्तीचे पैसे नक्की कशाचे मोजतो?

साचेवाला
कॉपी नाही हो. यातलं बरंचसं गाडी कंपनी स्वतः बनवतच नाही. बॉश, डेन्सो, व्हॅलिओ, कॉन्टिनेंटल, मॅग्ना हे सगळे एकाच वेळी कितीतरी कंपन्यांना माल देतात, सीटमधे लिअर आणि अ‍ॅडिएंट, वायरिंगमधे याझाकी आणि सुमितोमो, म्हणजे स्पर्धा शोरूममधे, व्हेंडर मात्र तोच.

मी प्लास्टिक मोल्डिंगमधे आहे म्हणून सांगतो, एका बटणात प्लास्टिक असतं किती, चिमूटभर. खरा पैसा जातो साच्यात. स्टीलचा साचा कापायचा, पॉलिश करायचा, त्यावर ते बारीक टेक्स्चर उठवायचं, ट्रायल घ्यायच्या, पार्ट वाकडा आला की साचा परत दुरुस्तीला, आणि हे सगळं जमलं की मग टेस्टिंग, बटण हजारो वेळा दाबायचं, कडक थंडीत आणि बंद गाडीत उन्हाने होते तेवढ्या गरमीत ठेवायचं, रंग उडतो का, घामाने अक्षरं पुसली जातात का ते बघायचं. हा खर्च शेवटी नगांवर वाटला जातो, त्यामुळे नग जितके जास्त तितकं एक बटण स्वस्त. व्हेंडरकडे पास झालेला स्विच तयार असताना नवा कोण काढेल? वरची टोपी बदलतात फारतर, आतली यंत्रणा तीच.

कधी बटण काढलंत तर उलटं करून बघा. कोनांच्या कंसात 'पीसी+एबीएस' असं काहीतरी दिसेल, ते प्लास्टिकचं नाव. शेजारी घड्याळासारखं इवलंसं वर्तुळ आणि मधे बाण असेल तर तो पार्ट बनवल्याचा महिना. आणि बऱ्याचदा लोगो गाडी कंपनीचा नसून बनवणाऱ्याचा असतो.

दुसरा_गिअर
वरच्या उत्तरात एक भर, कधीकधी कंपन्या एकाच मालकाच्या असतात. लॅम्बोर्गिनी 1998 पासून ऑडीकडे आहे, त्यामुळे गॅलार्डोत ऑडीची बटणं. अ‍ॅस्टन मार्टिन डीबी7 च्या वेळी मालक फोर्ड, म्हणून आत फोर्डचे स्विच. आणि मालक वेगळे असूनही भागीदारी होते, 2019 ची टोयोटा सुप्रा आणि बीएमडब्ल्यू झी4 ऑस्ट्रियात ग्राझच्या एकाच कारखान्यात बनल्या, सुप्रात बसलात तर गिअर लिव्हर आणि स्क्रीनचा नॉब सरळ बीएमडब्ल्यूचाच आहे.

पैसे कशाचे, तर इंजिन, सस्पेन्शन, बॉडी, ट्यूनिंग याचे. वर्षाला काही हजारच गाड्या काढणाऱ्या कंपनीने स्वतःचं बटण बनवायला घेतलं तर ते महागही पडेल आणि बहुतेक लवकर बिघडेलही. माझ्या मते तर लाखो गाड्यांमधे वापरून झालेलं बटण मिळणं हा फायदाच आहे.

नियमावली
नियमांचाही हात आहे यात. दिवे, वायपर, काच तापवायचं चिन्ह वगैरे आयएसओ 2575 या आंतरराष्ट्रीय मानकात ठरलेलं आहे. काचेचं बटण आता वर ओढावं लागतं तेही उगाच नाही, जुन्या प्रकारात लहान मुलाचा गुडघा टेकला तरी काच वर जायची, आणि मुलाचं डोकं बाहेर असलं तर... अमेरिकेत त्यासाठी नियमच केला.

साचेवाला
@दुसरा_गिअर फायदा आहे, पण दुसरी बाजूही बघा. टाकाटा या जपानी व्हेंडरच्या एअरबॅगमधलं, ती फुगवणारं अमोनियम नायट्रेट उष्णता आणि दमटपणाने खराब व्हायचं आणि एअरबॅग फुटताना धातूचे तुकडे उडायचे. व्हेंडर एकच, त्यामुळे एकट्या अमेरिकेत 19 कंपन्यांच्या गाड्यांमधल्या जवळपास 6.7 कोटी एअरबॅग परत मागवाव्या लागल्या, माणसं गेली, आणि 2017 मधे टाकाटाचं दिवाळं निघालं. म्हणून मला वाटतं बटणं, दिवे एका ठिकाणून घ्या, जीव वाचवणाऱ्या पार्टला मात्र दुसरा व्हेंडर हवाच.

चाकवेडा
एअरबॅगचं हे माहीतच नव्हतं, भयंकर आहे. आता एक सांगा, माझ्या गाडीचं काचेचं बटण गेलंय, दुसऱ्या कंपनीच्या गाडीचं अगदी तसंच मिळतंय, बसवू का?

साचेवाला
थांबा, घेऊ नका लगेच. तोंडावळा सारखा असला तरी मागच्या पिना वेगळ्या असू शकतात. जुन्या गाड्यांत मोटरचा करंट थेट बटणातून जायचा, नव्यांत बरेचदा बटण फक्त सिग्नल पाठवतं आणि पुढचं काम दारातलं मॉड्यूल, म्हणजे छोटं इलेक्ट्रॉनिक सर्किट, करतं, तिथे कोडिंग जुळलं नाही तर काच हलणारच नाही आणि वायरिंग चुकलं तर मॉड्यूल जळायचं. दोन्हीच्या मागचा पार्ट नंबर आणि कनेक्टरचा फोटो टाका, बघून सांगतो.