लग्नघरच्या 71 बाटल्या: चूक पाहुण्यांची की हॉटेलची?

धागाकर्ती: भावाच्या लग्नात नागपुरात बर्डीवरच्या एका हॉटेलात 18 खोल्या घेतल्या होत्या. निघताना बाटल्या मोजल्या. अर्ध्या लिटरच्या 71, बहुतेकींत चार बोटं पाणी उरलेलं. हॉटेलच्या सफाईवाल्या मावशींनी ते बेसिनमध्ये ओतलं आणि बाटल्या, उष्टं, टिश्यू सगळं एकाच काळ्या पिशवीत भरलं. जुलै 2019 मध्ये याच शहरात दिवसाआड नळ येत होता, तोतलाडोह धरण आटलं होतं. इतक्या लवकर विसरलो आपण? घरून बाटली न्यावी, टॉवेल रोज धुवायला टाकू नये, एवढं पाहुण्यांनी पाळायलाच हवं असं माझं मत आहे.

मानेवाडाकर: ताई, पटलं नाही. मे महिन्यात 45 डिग्रीत बाबांना घेऊन फिरतो. मजल्यावरच्या फिल्टरची कँडल कधी बदलली, कोणी सांगत नाही. एकदा कावीळ भोगली आहे आमच्या घराने. सीलबंद बाटलीच घेणार. आणि टॉवेल न धुतल्याने वाचलेला पैसा बिलात कुठे दिसतो?

लॉजवाला: स्टेशनजवळ लॉज आहे आमचा. दादा, फिल्टरचं तुमचं बरोबर आहे. आम्ही सर्व्हिसची तारीख मशीनवरच लिहितो, तेव्हापासून लोक भरून घेतात. पण बाटली घेतली तरी ती कोरडी आणि वेगळी ठेवा ना भाऊ. कबाडी ती वजनावर नेतो. तिच्यावर वरण सांडलं की हातही लावत नाही, मग ती थेट भांडेवाडीच्या कचरा डेपोत. टॉवेल खुंटीवर दिसला तर आमची पोरं उचलत नाहीत, खाली पडला तर धुणारच.

मानेवाडाकर: वेगळी ठेवीन. पण पुढे तुमच्याच माणसाने एका पिशवीत कोंबली तर? ओला-सुका कचरा वेगळा करणं 2016 च्या घनकचरा नियमांतच हॉटेलांवर बंधनकारक केलं होतं. शंभर खोल्यांच्या हॉटेलला कोणी विचारत नाही, आणि उपदेश मात्र पाहुण्याला. हा माझा खरा राग आहे.

धागाकर्ती: काविळीचं वाचून वाईट वाटलं, सीलबंद पाण्यावर आता वाद नाही घालत. पिशवीचंही मान्य, मावशींना दुसरा डबाच दिला नव्हता. तरी अर्धी बाटली टाकून नवी फोडणारे आमचेच पाहुणे होते, ते मी सोडणार नाही. जानेवारीत चुलतबहिणीचं लग्न आहे. बुकिंगच्या वेळी दोनच गोष्टी विचारणार: फिल्टरवर तारीख आहे का, आणि मजल्यावर दोन डबे आहेत का. लॉजवाले दादा, तुमच्याकडे किती खोल्या आहेत?