सातवीतल्या मुलाच्या कंपासपेटीत कटर सापडला. शाळेला सांगावं का?

सातवीची_आई
परवा रात्री डबा काढायला लेकाचं दप्तर उघडलं, तर कंपासपेटीत पट्टीखाली कागद कापायचा कटर. पातं कोरं. वय १२, वजन ६१ किलो. आधी म्हणाला, "असू दे ना, लागतो." मग हुंदके देत सांगितलं. पीटीला कपडे बदलताना दोन मुलं त्याच्या छातीला चिमटे काढतात. व्हॅनमध्ये चढला की "टायर बसला रे" ओरडतात. डबा हिसकावतात, "तुला कशाला अजून?" दिवाळीपासून चाललंय. कुणाला मारायचं नव्हतं म्हणतो, "नुसता दाखवला की लांब राहतील."

रात्रभर डोळा लागला नाही. घरात आम्हीही त्याला लाडाने 'गोलू' म्हणतो, अगदी आजीसुद्धा. नवरा म्हणतो, शाळेला कळलं तर नावच काढतील. काय करू?

निवृत्त_मास्तर
ताई, शाळेला सांगाच, आणि तुम्हीच आधी सांगा. नाव काढण्याची भीती नको. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १६: आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. अर्ज लेखी द्या. चिमटे, व्हॅन, डबा, कधीपासून, कुठे, हे सगळं वर आणि कटर त्याच कागदावर खाली. पोच घ्या. राज्यात २०२२ पासून शाळेत सखी सावित्री समिती (मुलांच्या सुरक्षिततेसाठीची) असायला हवी, तिच्यापुढे विषय ठेवायला सांगा.

माझ्या वर्गात एका जाडजूड मुलाने असंच कंपासचं टोक उगारलं होतं. झटापटीत त्याचाच तळवा फाटला. आम्ही सगळे शिक्षक कंपासबद्दल विचारत राहिलो. वर्षभर त्याला काय ऐकावं लागत होतं, ते एकानेही विचारलं नाही. त्यात मीही होतो. अजून सलतं. दाखवायला काढलेलं पातं दाखवण्यापुरतं राहत नाही, हे त्याला शांतपणे सांगा. पण त्याचं आधी सगळं ऐकून घेतल्यावर.

बालरोग_पुणे
छातीबद्दल त्याला आजच सांगा. या वयात मुलग्यांच्या छातीत गाठीसारखा उंचवटा येणं अगदी नेहमीचं आहे, बहुतेकांचा वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. वजन जास्त असेल तर चरबीमुळेही तसं दिसतं. मुलं हे कुणाला विचारत नाहीत, आतल्या आत कुढतात. एकदा डॉक्टरांना दाखवा.

वजनाचं म्हणाल, तर ६१ या आकड्यावरून काहीच ठरत नाही, उंची लागते. भारतीय मुलांसाठी २०१५ चे वाढीचे तक्ते आहेत, त्यावर बघून घ्या. पण या आठवड्यात डाएट काढू नका. "बारीक हो म्हणजे चिडवणार नाहीत" असं त्याच्या कानावर पडलं, की दोष त्याचाच ठरला. पुढे बदल करायचा तो अख्ख्या घराच्या ताटात करा. आणि झोप, भूक, शाळेला जाताना पोट दुखणं यांवर लक्ष ठेवा. जीव नकोसा झाल्याचं बोलला तर थांबू नका, टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६, रात्रीही चालू असते. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ आहेच.

सातवीची_आई
कलम १६ नवऱ्याला वाचून दाखवलं, तोही येतोय. सोमवारी अकराला मुख्याध्यापकांनी वेळ दिलीय. छातीचं बोलले तेव्हा त्याने मान खाली घालून विचारलं, "मग पोहायला जाता येईल का?" दोन उन्हाळे तो पाण्यात उतरला नव्हता, आणि आम्हाला वाटायचं पाण्याला घाबरतो. आजीला 'गोलू' बंद करायला सांगितलंय. तिची जीभ वळत नाहीये, पण करतेय प्रयत्न. व्हॅन बंद केली, सध्या मीच सोडते.