प्लॅनरमध्ये नुसती तारीख लिहून भागत नाही
प्लॅनर सुरुवातीला उत्साहाने भरला जातो आणि मग कोराच राहतो, या तक्रारीत थोडी भर घालते. माझ्या मते यात चिकाटीचा दोष कमी आणि लिहिण्याच्या पद्धतीचा जास्त असतो. १८ तारखेच्या रकान्यात 'प्रोजेक्ट सबमिट' एवढंच लिहिलं, तर ते पान समोर येईपर्यंत उशीर झालेला असतो. तारीख कळली की लगेच उलटं मोजत या: १६ला प्रिंट आणि बाइंडिंग, ११ला कच्चा मसुदा सरांकडे, ७ला आकृत्या, ३ला वाचन आणि टिपणं. 'अभ्यास' असंही लिहू नका. 'रसायनशास्त्र, धडा ४, शेवटची दहा गणितं' असं लिहिलं की बसल्या बसल्या सुरुवात होते.

वेळेचा अंदाज मात्र सढळ हाताने धरा. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांनी आपला प्रबंध सरासरी ३४ दिवसांत होईल असं सांगितलं होतं, प्रत्यक्षात सुमारे ५५ लागले! हे आपल्या सगळ्यांचंच होतं.

राहिलेलं काम खोडू नका, बाण काढून पुढच्या दिवसावर न्या. एकाच कामापुढे तिसरा बाण आला, तर ते काम फार मोठं आहे, त्याचे तुकडे पाडा. रंगीत पेनं, स्टिकर हवे तर वापरा, नाही वापरले तरी काही अडत नाही. कागदाला गजर लावता येत नाही, तेव्हा परीक्षेच्या आणि फी भरण्याच्या तारखा फोनमध्येही टाकून ठेवा.