पदवी मेकॅनिकलची, पण मायक्रोमीटर धरता येईना. दोष कोणाचा?

भोसरीकर
आमचा शाफ्ट, म्हणजे मशीनमधले फिरणारे दांडे, बनवायचा छोटा कारखाना आहे. गेल्या आठवड्यात क्वालिटीसाठी सहा मुलं बोलावली. सगळी मेकॅनिकलची, सगळ्यांना फर्स्ट क्लास. प्रत्येकाला शाफ्ट आणि त्याची जाडी मोजायला मायक्रोमीटर दिला. चौघांनी टोकाचा, ठरावीक दाबाला घसरणारा रॅचेट सोडून थेट मोठी फिरकी, म्हणजे थिंबलच आवळली. असं आवळलं की माप कमी दिसतं, आणि आमचा टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, ०.०२ मिलिमीटरचा. ड्रॉइंग शीटचं विचारलं तर म्हणाले, जीटी मारली. काचेखाली दिवा लावून दुसऱ्याची शीट गिरवणं आमच्या वेळीही होतं, पण वर्कशॉपला सर डोक्यावर उभे असायचे. माझ्या मते दोष कॉलेजांचाच.

२०२३ची बॅच
जीटी मीही मारली. पण सर, रॅचेट वापरायला शिकवायला किती वेळ लागतो? तिसऱ्या वर्षी इंटर्नशिपसाठी चाकणला अकरा कारखान्यांच्या गेटवर गेलो. दहा ठिकाणी सिक्युरिटीनेच परत पाठवलं. अकराव्यात महिनाभर एक्सेल भरलं, मशीनजवळ जाऊ दिलं नाही. आता जाहिरातीत फ्रेशर हवा, वर दोन वर्षांचा अनुभव हवा. तो आम्ही आणायचा कुठून?

भोसरीकर
शिकवतो ना! सहा महिने शिकवलं की पोरगा दोन हजार जास्त मिळाले म्हणून शेजारच्या गाळ्यात जातो. स्क्रॅप झालेला माल माझ्या खात्यावर.

जुना अप्रेंटिस
त्यासाठीच अप्रेंटिस कायदा आहे. १९६१चा, १९७३पासून पदवीधरांनाही लागू. तीस किंवा जास्त माणसं असतील तर अप्रेंटिस घेणं बंधनकारक, कमी असतील तर ऐच्छिक. पदवीधरांच्या किमान विद्यावेतनातला अर्धा वाटा केंद्र सरकार परत देतं. किती कारखानदार अर्ज करतात? मी शिकलो तो असाच, फोरमनच्या शिव्या खात.

तासिकेवरची मॅडम
मी कॉलेजात तासिका तत्त्वावर मेट्रॉलॉजी, म्हणजे मोजमापशास्त्र शिकवते. बॅचमध्ये बावीस मुलं, चालू मायक्रोमीटर दोन. एकेकाच्या वाट्याला जेमतेम पाच मिनिटं येतात, बाकी वेळ जर्नल उतरवण्यात. २०१८मध्ये एआयसीटीईने, म्हणजे केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेने, एका शिक्षकामागे पंधराऐवजी वीस विद्यार्थी चालतील असं केलं. त्याच वर्षीच्या नमुना अभ्यासक्रमात इंटर्नशिप सक्तीची झाली. मुलांवर सक्ती आहे, मग काही जण सर्टिफिकेट विकत आणतात. मला त्यांचा राग येतो आणि दयाही येते.

भोसरीकर, कॅलिब्रेशनमध्ये, म्हणजे अचूकतेच्या तपासणीत, बाद झालेले मायक्रोमीटर तुमच्याकडे पडून असतील. आम्हाला द्याल का? माप थोडं चुकलं तरी चालेल, रॅचेटची सवय हाताला लागेल.

भोसरीकर
सात-आठ निघतील. शनिवारी कारखान्यात या, मुलांनाही आणा.