न्युर्नबर्गच्या टेकडीवर नक्की किल्ले किती?

उनाड_आजोबा:
मुलीकडे जर्मनीला आलोय, परवा न्युर्नबर्गचा किल्ला बघितला. आपल्या गडांची सवय असलेल्याला चढ म्हणजे काहीच नाही, धापसुद्धा लागली नाही. पण वर गेल्यावर डोकं चक्रावलं. एक पाचकोनी बुरूज, त्याला खेटून लांबलचक दगडी इमारत, तिच्या दुसऱ्या टोकाला अजून एक उंच चौकोनी टॉवर, आणि अलीकडे गोल टॉवरवाला वेगळाच किल्ला. जावई म्हणतो सम्राटाचा, पाटी बघावी तर एकीकडे किल्लेदार एकीकडे शहर. मालक कोण मग? आणि एका टेकडीवर एवढे टॉवर कोणाच्या भीतीने?

गढीवाला:
आजोबा, एकमेकांच्याच भीतीने :) टेकडी एक, धनी तीन. गोल टॉवर आहे तो सम्राटाचा किल्ला (सम्राट म्हणजे पवित्र रोमन साम्राज्याचा, जर्मन मुलूख तेव्हा त्यात होता). पाचकोनी बुरूज म्हणजे बुर्गग्राफच्या किल्ल्याचं जे काय उरलंय ते. बुर्गग्राफ म्हणजे सम्राटाने नेमलेला किल्लेदार, पण बाराव्या शतकाच्या शेवटी ते पद त्सोलर्न घराण्याकडे गेलं आणि पिढीजात वतनच झालं (हेच पुढचे होहेनत्सोलर्न, १८७१ ला जर्मनीचे कैसर झाले ते). खाली व्यापाऱ्यांचं शहर, त्यांना १२१९ मध्ये राजा दुसऱ्या फ्रेडरिककडून (तोच पुढे सम्राट) सनद मिळालेली, ते कशाला किल्लेदाराला जुमानतील. शेवटी १३७७ ला शहराने किल्लेदाराच्या अगदी उशाशी तो चौकोनी टॉवर उभा केला, नाव लुगिन्सलांड, म्हणजे मुलखात डोकावणारा, डोकावायचं होतं मात्र शेजाऱ्याच्या अंगणात!

१४२० मध्ये बव्हेरियाच्या एका ड्यूकच्या माणसांनी किल्लेदाराचा किल्ला जाळला. किल्लेदाराला तोवर ब्रांडेनबुर्गची मोठी जहागीर मिळालेली, १४२७ ला त्याने जळका किल्ला शहरालाच विकून टाकला. मग शहराने १४९४-९५ मध्ये बुरूज आणि टॉवरच्या मधल्या जागेत तुम्ही बघितलेली लांब इमारत बांधली. ते धान्याचं कोठार हो, सम्राट आला की खाली त्याचे घोडे बांधायचे म्हणून नाव पडलं कैसरची पागा.

मधली_आळी:
वरच्यात माझी थोडी भर. सम्राट तिथे कायम राहायचाच नाही, दरबार गावोगाव फिरता. किल्ला एरवी रिकामा, स्वारी येणार म्हटलं की शहरातल्या बड्या घरांतून पलंग, गालिचे, सामान उसनं आणायचे, लग्नघरी शेजारच्या सतरंज्या आणतात तसं अगदी. सम्राटाच्या १३५६ च्या फर्मानात लिहिलं होतं की नव्या राजाने पहिली सभा न्युर्नबर्गलाच भरवायची, म्हणजे उसनवारी ठरलेली. आणि गंमत म्हणजे साम्राज्याचा मुकुट वगैरे राजचिन्हं १४२४ पासून १७९६ पर्यंत होती या शहराकडेच, पण किल्ल्यावर नाही, खाली नदीकाठच्या धर्मशाळावजा इस्पितळाच्या चर्चमध्ये! सम्राट वर आणि मुकुट खाली, आता मालक कोण ते तुम्हीच ठरवा.

किल्ल्यातलं दुमजली चॅपेल बघितलंत का? वर सम्राट, खाली नोकरचाकर, मधल्या जमिनीला चौकोनी भोक, मंत्र एकच पण बसायची पायरी वेगळी.

उनाड_आजोबा:
चॅपेल बघितलं, भोकाचं कारण आत्ता कळलं. आणि ती विहीर! गाईडबाईंनी तांब्याभर पाणी ओतलं, आम्ही सगळे गप्प, आवाज येईपर्यंत मला वाटलं बाई विसरल्या. साधारण ५० मीटर खोल म्हणे, सगळी खडकात खोदलेली. तटावर घोड्याच्या टापांचे ठसे पण दाखवले, ते खरे का?

गढीवाला:
विहीर खरी, ठसे गोष्टीतले. एप्पेलाइन नावाचा लुटारू सरदार, फाशीच्या आधी शेवटची इच्छा म्हणून घोड्यावर बसू द्या म्हणाला आणि थेट तटावरून खंदकापार. तेव्हापासून म्हण आहे, न्युर्नबर्गवाले कोणाला फाशी देत नाहीत, आधी तो हाताला लागावा लागतो. खरा एप्पेलाइन १३८१ मध्ये दुसऱ्या गावात पकडून मारला, ते गाईड सांगत नाहीत.

मधली_आळी:
एक राहिलंच, २ जानेवारी १९४५ च्या बॉम्बिंगमध्ये जुनं शहर जवळपास सगळं गेलं, किल्ल्याचंही बरंच. लुगिन्सलांड आणि ते कोठार दोन्ही नंतर परत बांधलेत. कोठारात आता यूथ हॉस्टेल आहे, पुढच्या वेळी तिथेच उतरा.

उनाड_आजोबा:
मुलीला सांगितलं, ती म्हणते बाबा आधी तुमचे गुडघे बघा.