सिझेरियननंतर ऑपरेशन थिएटर डोळ्यांसमोरून जात नाही. हे नैराश्य की दुसरं काही? मदत हवी आहे

नमस्कार. बाळ आता रांगायला लागलंय, टाके कधीच भरले, पण मी अजून त्या टेबलावरच आहे असं वाटतं.

पहिलं बाळंतपण. रात्रभर कळा सोसल्या आणि पहाटे बाळाचे ठोके एकदम कमी झाले. घाईघाईत सह्या, पाठीत भूल, तोंडासमोर हिरवा पडदा. दुखत काहीच नव्हतं, पण पोटात हात घालून कुणीतरी ओढतंय हे कळत होतं. दात कडकड वाजत होते, हात थरथरत होते. बाळ लगेच रडलं नाही, आणि पडद्यापलीकडे काय चाललंय ते कुणी सांगेना. त्याला तसंच काचेच्या पेटीत नेलं. मी त्याला पहिल्यांदा पाहिलं ते नवऱ्याच्या मोबाइलवरच्या फोटोत.

घरी काही बोलायला गेलं की एकच उत्तर, "दोघं सुखरूप आहात ना, मग झालं तर!" अहो, आनंद मलाही आहे. डॉक्टरांनी वेळेवर निर्णय घेतला, त्याबद्दल तक्रारही नाही. पण सुखरूप असलेलं माणूस भेदरलेलंही असू शकतं, हे कुणाला पटवू?

चिकटपट्टी ओढल्याचा आवाज आला तरी छातीत धडधडतं. आंघोळ करताना टाक्यांच्या जागेवर हात लावायचं धाडस होत नाही. बाळ गाढ झोपलं की श्वास चालू आहे ना, हे बघायला पुन्हा पुन्हा उठते. "नॉर्मल की सिझर?" असं कुणी विचारलं की तिथून निघून जावंसं वाटतं.

तपासणीच्या वेळी एडिंबरा प्रश्नावली भरून घेतली. गुण कमी आले, म्हणजे नैराश्य नाही म्हणाले. मलाही उदास वाटत नाही, बाळाशी खेळते, हसते. मग हे काय आहे? कुणाकडे जाऊ? बाळ अंगावर पितंय, गोळ्या चालतील का? दुसऱ्या बाळाचा विषय निघाला तरी घाम फुटतो, त्याचं काय?

प्रतिसाद
ताई, मी बाळंतिणींसाठी समुपदेशनाचं काम करते. ती १० प्रश्नांची यादी १९८७ मध्ये नैराश्याची चाचपणी करायला तयार झाली. बाळंतपणाचा मानसिक आघात तिच्यातून निसटू शकतो. प्रसंग पुन्हा पुन्हा अंगावर येणं, त्याची आठवण करून देणारं सगळं टाळणं, सतत दचकून असणं हे महिन्याहून जास्त टिकलं तर आघातोत्तर ताण विकार, म्हणजे पीटीएसडी आहे का, ते तपासून घ्यावं. ठरवून केलेल्या सिझेरियनपेक्षा अचानक कराव्या लागलेल्या सिझेरियननंतर याचा धोका जास्त असतो. बाळ जातंय की काय ही भीती आणि कुणी काही न सांगणं, या दोन्ही गोष्टी मनावर खोल घाव करतात.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. "बाळंतपणाचा आघात वाटतोय" असं स्पष्ट सांगा, नाहीतर पुन्हा तीच प्रश्नावली हातात येईल. आघातावर केंद्रित सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला मदत करणारी, बोलण्यातून होणारी थेरपी) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या ठरावीक हालचाली करत त्या आठवणीवर काम करण्याची पद्धत) या उपचारांचा चांगला उपयोग होतो. गोळ्या लागल्याच, तर सर्ट्रालिनसारखी औषधं स्तनपान चालू असतानाही देतात, पण तो निर्णय डॉक्टरांचा.

प्रसूतीची कागदपत्रं मागून घ्या आणि तयारी वाटेल तेव्हा स्त्रीरोगतज्ज्ञांकडून क्रम समजून घ्या. पडद्यापलीकडे काय झालं ते कळल्यावर अनेकींना बरं वाटतं. मात्र तेवढ्यावर उपचार झाला असं समजू नका. पुढचं बाळंतपण नॉर्मल करता येईल का, हे गर्भाशयावरचा छेद आणि आधीचं कारण बघून ठरतं. त्याची आज घाई नाही, आधी भीतीवर उपचार होऊ द्या.

स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार आले, भास झाले, किंवा बाळ झोपलेलं असूनही रात्रीच्या रात्री डोळा लागला नाही, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

धागाकर्ती
मनापासून आभार. नवऱ्याला सोबत नेऊ का? तो दाराबाहेर एकटाच उभा होता.

प्रतिसाद
पहिल्यांदा एकट्याच बोला, म्हणजे त्यांना काय वाटेल याचा विचार करत बसावं लागणार नाही. नंतर जरूर न्या. जोडीदारांनाही हाच त्रास होऊ शकतो, त्यामुळे त्यांची झोप आणि चिडचिड कशी आहे तेही विचारा.